आठ नंबरचे बूट

माझ्या पायांनी मला काही कळवणे बंद केले आहे, हे मला पत्नीकडून समजले. सिंगापुरात आम्ही अकराव्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. मी खाली जाऊन टपालपेटी पाहून परत आलो. तिने दार उघडले आणि माझ्या पायांकडे पाहत राहिली.

"अहो, दुसरी चप्पल कुठे आहे?"

उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय अनवाणी होता. चप्पल लिफ्टच्या दाराशी सापडली. तेथून आमच्या दारापर्यंत संपूर्ण व्हरांडा मी चालत आलो होतो आणि मला दोन्ही पाय सारखेच वाटत होते.

मधुमेह मला बारा वर्षे होता. त्याच्याशी माझे जमले आहे, अशी माझी समजूत होती. डॉक्टर चिनी बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले. नायलॉनच्या धाग्याने त्या तळव्याला स्पर्श करणार होत्या आणि स्पर्श जाणवला की मी 'यस' म्हणायचे होते. मी वाट पाहत राहिलो. तपासणी अद्याप सुरू झालेली नाही, असे मला वाटले. डोळे उघडले तेव्हा त्या कागदावर निष्कर्ष लिहीत होत्या.

पेरिफेरल न्यूरोपथी. मज्जातंतू टोकाकडून निकामी होतात, म्हणून आरंभ पायांपासून होतो. गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. राहिलेली सांभाळता येते. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. पाय रोज डोळ्यांनी तपासायचे. अनवाणी चालायचे नाही. उंचीवर चढायचे नाही.

"काम काय करता?" त्यांनी विचारले.

"तांजोंग पगारला ऑफिस आहे," मी म्हणालो. ऑफिस तेथे होते, हे खरे. काम तेथे नव्हते.

आमची कंपनी मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनाची यंत्रे बसवत असे आणि सांभाळत असे. मी तपासणी अभियंता होतो. तळघरात पंप आणि गच्चीवर कूलिंग टॉवर, असे माझे क्षेत्र होते. टॉवर म्हणजे पाण्याचा पंखेवाला हौद. त्याच्या माथ्यावर जायला भिंतीला पक्की बसवलेली उभी लोखंडी शिडी असते. आठवड्यातून चार-पाच वेळा मी ती चढत होतो. माझे वय तेव्हा सत्तावन्न होते. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे तेथे राहून काम करण्याचा परवाना, पुढल्या वर्षी संपणार होता. नूतनीकरणाचा अर्ज कंपनीने करायचा असतो, म्हणजे कंपनीला मी हवा असावा लागतो. माझा पास गेला की पत्नीचाही जाणार होता. सत्तावन्नाव्या वर्षी, बधिर पायांच्या तपासणी अभियंत्याला पुण्यात कोणी दारात उभे केले नसते. म्हणून मी कोणाला सांगितले नाही.

उंचीवर काम करणाऱ्यांना वर्षातून एकदा एक फॉर्म भरावा लागे. चक्कर, फिट्स, हातापायांची बधिरता, असे प्रश्न होते. मी सर्वांपुढे 'नाही' लिहिले आणि सही केली. माझ्या सहीखाली मॅनेजरची सही होती. ती त्याने फॉर्म न वाचता केली, कारण मी खोटे लिहीत नाही हे ऑफिसात सर्वांना ठाऊक होते.

लपवणे हेसुद्धा एक काम असते आणि मी ते नीट केले. चालताना पायांकडे पाहणे हे विचारात गढल्यासारखे दिसते, म्हणून मी बरोबर नेहमी एखादा नकाशा ठेवू लागलो. बुटाची नाडी रोज त्याच खुणेपर्यंत ओढायची. जिन्यात हात कठड्यावर ठेवायचा. शिडीवर प्रत्येक पाऊल पायरीवर टेकलेले डोळ्यांनी पाहायचे, मगच भार टाकायचा. चढताना हे जमते. उतरताना पाहण्यासाठी मान वाकवावी लागते आणि मान वाकवली की हेल्मेट डोळ्यांवर उतरून अंधार होतो. असे तेरा महिने गेले.

मॅनेजर पुण्याचा होता, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. ऑफिसात बैठकांमध्ये तो माझ्याशी इंग्रजीत बोले. एरवी 'काका' म्हणे. ईस्ट कोस्टला त्याचा कॉण्डो होता आणि त्याच्याकडे पाच दिवसांचा गणपती असे. त्या वर्षी पुण्याहून त्याची आई आली होती. पहिल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, आम्ही सहा-सात सहकारी साइटवरून परस्पर त्याच्याकडे आरतीला गेलो. पत्नीला बरे नव्हते, म्हणून ती आली नाही. सकाळी निघताना तिने एवढेच बजावले होते, "मोजे काढू नका."

दाराबाहेर बुटांची रांग होती. सगळे बूट एकसारखेच होते. कंपनी दरवर्षी सर्वांना एकाच प्रकारचे काळे बूट देई, पुढे बोटांवर आतून स्टीलची टोपी असलेले. ते ऑफिसातही शोभत आणि साइटवरही चालत. मी माझे बूट भिंतीच्या कोपऱ्यात, सर्वांत शेवटी ठेवले आणि जागा लक्षात ठेवली. मग पाहिले तर सगळे मोजेही काढत होते. घामट मोज्यांनी देवासमोर कोण जाणार? मीही काढले.

आरतीपर्यंत ठीक होते. शेवटी सगळे जागच्या जागी स्वतःभोवती फिरतात, हे मी विसरलो होतो. आयुष्यभर फिरलो होतो. लहानपणापासून ते शरीर आपोआप करते. मी हात जोडले, सवयीने डोळे मिटले आणि वळलो. डोळे मिटताच खाली जमीन उरली नाही. मी कशाला तरी धरले. ती मॅनेजरच्या आईची खुर्ची होती, आणि त्या तीत बसलेल्या होत्या. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले, मग माझ्या पायांकडे. मी पायांची बोटे जमिनीवर फाकवून उभा होतो, माकडासारखा.

मी प्रसाद घेतला, मोदक नाकारला आणि सर्वांच्या आधी निघालो. कोपऱ्यातल्या शेवटच्या जागेवरचे बूट घातले, नाड्या खुणेपर्यंत ओढल्या आणि बस पकडली.

दरम्यानच्या वेळात कोणी तरी उशिरा आला होता आणि जागा करण्यासाठी त्याने बूट सरकवले होते. हे मला नंतर कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या पँट्रीत मॅनेजर पांढऱ्या स्पोर्ट्स शूजमध्ये चहा घेत उभा होता. आम्ही तिघे-चौघे मराठी होतो.

"सिंगापुरात चोऱ्या होत नाहीत म्हणतात," तो म्हणाला. "घरी मराठी माणसं बोलावून बघा. काल माझे बूट गेले."

"बाप्पाच्या दारात?" नागपूरचा एक सहकारी म्हणाला.

"चोर सज्जन आहे हो. स्वतःचे ठेवून गेला. पण ते नऊ नंबरचे, मला आठ लागतात. घालून चाललो की टपटप वाजतात, बायको हसते."

"मग सोपं आहे. ज्याला आज बूट चावतायत तो चोर. चला, सगळ्यांनी खाली बघा."

सगळ्यांनी खाली पाहिले. मीही पाहिले. काळे बूट होते, नीट बांधलेले.

"माझे माझेच आहेत," मी म्हणालो.

"काका, तुमच्यावर संशय नाही," मॅनेजर म्हणाला. "तुम्ही वॉशर नुसता बोटांत धरून साइज सांगता. तुम्हाला तर दारातच कळलं असतं."

सगळे हसले. मी कप धुऊन ठेवला. त्याचे आठ नंबरचे बूट त्या वेळी माझ्या नऊ नंबरच्या पायांत होते आणि स्टीलच्या टोपीची कड उजव्या करंगळीला कापत होती. मला काहीही होत नव्हते.

दुपारी मी टॉवर चढलो. खाली आमचा चिनी फोरमन उभा होता. तपासणी झाली. उतरताना मी वरून सातवी पायरी पाहिली, पाऊल टेकलेले पाहिले आणि भार टाकला. पाऊल टेकले होते, पण फक्त बुटाचे टोक. भार पडताच ते सुटले. पाय सुटल्याचे मला पायाने कळले नाही, खांद्याला बसलेल्या हिसक्याने कळले. दोन्ही हातांवर मी लटकलो होतो. खिशातली टॉर्च निसटली आणि फोरमनच्या हेल्मेटपासून वीतभर अंतरावर काँक्रीटवर आदळून फुटली.

त्याने वर पाहिले. "अंकल! केअरफुल लाह!" मग काचा उचलत हसला. मला हसता आले नाही. खाली उतरल्यावर मी कठड्याला टेकून उभा राहिलो आणि नकाशा उघडला. तो उलटा धरला होता.

घरी पोचलो आणि बूट काढला. मोजा काळा होता, म्हणून त्यावर काही दिसले नाही. ओला मात्र लागला. पत्नीने तो सोलून काढला. करंगळीच्या बाजूची कातडी फोडासकट निघाली होती आणि खालचे मांस उघडे होते. अंगठ्याच्या टोकाशी काळा डाग होता. ती कापूस आणायला गेली. परत येताना तिने बूट बाजूला करण्यासाठी उचलला, नाडीखालची जीभ वर केली आणि आतला आकडा वाचला.

"आठ," ती म्हणाली. "हे तुमचे नाहीत."

सकाळचे पँट्रीतले सगळे संभाषण मला पुन्हा ऐकू आले.

"कालपासून घातलेत? दिवसभर?" तिने विचारले. "अहो, लहान मूल असतं तर रडलं असतं इतक्यात."

जखमेपेक्षा मला दुसरीच चिंता होती. हे बूट परत देणे म्हणजे सर्व सांगणे होते. एका नंबरने लहान, स्टीलचे बूट कोणताही माणूस दोन दिवस नकळत घालू शकत नाही. ज्याला पाय आहेत तो घालू शकत नाही. आणि नूतनीकरणाचा अर्ज मॅनेजरच्या टेबलावर होता. सोमवारी तो पाठवणार होता.

शनिवारी सकाळी डॉक्टरांकडून पट्टी बांधून घेतली आणि तेथून सरळ ईस्ट कोस्टला गेलो. पायांत पट्टीमुळे सैल सॅण्डल होत्या. योजना साधी होती. दाराबाहेर त्याचे बूट ठेवायचे, माझे उचलायचे आणि बेल न वाजवता परत यायचे. शनिवारी सकाळी ते कुटुंब समुद्राकाठी सायकली चालवायला जाते, हे मला माहीत होते.

माझे बूट दाराशी नव्हते. जाळीचे दार बंद होते, आतले उघडे होते, आणि आत मॅनेजरच्या आई दुर्वा निवडत बसल्या होत्या.

"या," त्या म्हणाल्या. "तुमचे बूट आत ठेवलेत. म्हटलं, मालक येईल."

मी उभाच राहिलो. "तुम्हाला कसं कळलं, काकू?"

"परवा तुम्ही माझी खुर्ची धरलीत तेव्हाच. बसा. सॅण्डल काढू नका."

"देव आहे."

"देवाला दिसतंय पट्टी आहे ते. बसा म्हणते ना."

मी बसलो. त्यांनी बूट मागितले, हातात घेतले, उजव्यात डोकावून पाहिले. आत डाग होता.

"आमचे हे असेच गेले," त्या म्हणाल्या. "म्हणजे पायाने सुरुवात झाली. कढत पाण्याच्या बादलीत पाय सोडून पेपर वाचत बसले होते. मी हात घातला तर हात भाजला. नंतर बोट काढलं, मग पाऊल. शेवटपर्यंत म्हणायचे, मला काही होत नाहीये. होत नव्हतंच, तेच तर दुखणं होतं." त्यांनी दुर्वांची जुडी बांधली. "मुलाला तुमचं ठाऊक आहे?"

"नाही."

"शिडी चढता?"

"हो."

"चढवतो कोण?"

"कामच आहे ते."

"अहो, कागदावर सही कुणाची असते, ते विचारते आहे."

"त्याची."

त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही पडलात तर तुम्ही जाल. वाईट वाटेल. पण त्याला बोलावतील, विचारतील, तुरुंगात घालतील की काय करतात इथे, मला माहीत नाही. त्याला लहान मुलगी आहे. तुमच्या वयाकडे बघून तो काही वाचत नाही आणि तुम्ही त्याच्या सहीवर चढता. हे बरं नाही."

माझ्याशी या स्वरात कोणी बोलून तीस वर्षे झाली होती. शुक्रवारची टॉर्च मला डोळ्यांपुढे दिसत होती.

"सोमवारी पाच वाजता विसर्जन आहे," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगेन आणि मी तुमच्याइतकी मोजून बोलत नाही."

"नोकरी जाईल, काकू."

"जाईल कदाचित," त्या म्हणाल्या. त्यांनी खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

सोमवारी नऊ वाजता मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. त्याचे बूट पॉलिश करून पिशवीत आणले होते. ते मी टेबलाखाली ठेवले. इंग्रजीत सांगायचे ठरवून वाक्ये तयार केली होती. तिसऱ्या वाक्याला ती संपली आणि मी मराठीत सांगितले. चप्पल, धागा, फॉर्म, तेरा महिने, बूट, टॉर्च. काही वगळले नाही.

तो प्रथम हसला, बुटांमुळे. मग त्याला उरलेले समजले.

"शुक्रवारी तुम्ही वर होतात तेव्हा खाली कोण होतं?"

"फोरमन."

"त्याला माहीत होतं की वरच्या माणसाला पाय नाहीत?"

"नाही."

त्याने वर्षाचा फॉर्म फाइलमधून काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "यात कुठे लिहिलंय, काका? दाखवा. मी न वाचता सही केली, ती माझी चूक. तुम्ही लिहिलं नाहीत. ती कुणाची?"

"माझी."

"नोकरीसाठी?"

"हो."

"मला विचारायचं होतं. मी नाही म्हणालो असतो, तर मग जे करायचं ते करायचं होतं." त्याचा आवाज चढला होता. काचेपलीकडे लोक वळून पाहू लागले, तेव्हा त्याने तो खाली आणला. "अर्ज आज जाणार नाही. जा तुम्ही."

मी उठलो. दाराशी पोचलो तेव्हा तो म्हणाला, "आईनं सांगितलंय, पाचला या."

मी गेलो. जाणार नव्हतो, पत्नीने नेले. दाराशी मॅनेजरच्या आई उभ्या होत्या. "मोजे राहू द्या," त्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. आरती संपत आली तेव्हा त्यांनी आपली खुर्ची माझ्या मागे सरकवली. सगळे फिरले. मी हात जोडून, डोळे उघडे ठेवून बसून राहिलो. मग बाल्कनीत बादलीत विसर्जन झाले. मॅनेजर माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

त्याने नऊ दिवस घेतले. त्या नऊ दिवसांत मी रोज ऑफिसला गेलो, टेबलाशी बसलो आणि जुने नकाशे तपासले. पत्नीने कपाटावरच्या दोन बॅगा उतरवल्या, झटकल्या आणि परत वर ठेवल्या.

दहाव्या दिवशी त्याने बोलावले. पद एका पायरीने खाली. शिडी कायमची बंद. अर्ज फक्त एका वर्षाचा. कंपनीच्या डॉक्टरांकडे दर महिन्याला पाय दाखवायचे आणि कागद त्याच्या टेबलावर ठेवायचा. "तो कागद मी वाचणार आहे," तो म्हणाला.

"काम काय?"

"तुमचे हात अजून आहेत ना?"

ते खरे होते. चालू पंपाच्या बेअरिंगवर तळवा ठेवून त्यातला बिघाड आठवडाभर आधी ओळखणे मला येत होते. ऑफिसात दुसऱ्या कोणाला ते येत नव्हते. तळघरात जायला लिफ्ट असते. मी तळघरे तपासू लागलो आणि तीन कनिष्ठ अभियंत्यांना पंपावर हात कसा ठेवायचा ते शिकवू लागलो. त्यांना ते यायला वेळ लागला. पास मिळाला. पुढल्या वर्षी पुन्हा मिळाला. बुटांच्या जिभेवर मी आतून लाल दोऱ्याचे दोन टाके घातले आणि घालण्यापूर्वी ते पाहण्याची सवय लावून घेतली. जखम भरायला चार महिने लागले. मॅनेजर पुन्हा 'काका' म्हणू लागला, पण माझ्या कोणत्याही कागदावर न वाचता सही त्याने पुन्हा कधी केली नाही.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी शर्टाचे बटण मला लागेना. बटण दिसत होते, काज दिसत होते, बोटे मात्र दुसऱ्या कोणाची असल्यासारखी त्यांच्यावर फिरत होती. पत्नी दारात उभी होती. तिने पाहिले. तिने बटणे लावली, वरपासून खालपर्यंत, आणि मी उभा राहिलो.

नऊ वाजता मी केबिनचे दार ठोठावले.

"हात," मी म्हणालो.

त्याने पेन खाली ठेवले. "किती दिवस?"

"आज सकाळपासून."

त्याने माझ्या हातांकडे पाहिले. मग त्याने समोरच्या खुर्चीकडे बोट केले.

"बसा, काका," तो म्हणाला. "त्या तिघांना किती शिकवून झालंय, ते आधी सांगा."